सुरीचा दाखला आता पुरे

वक्तृत्व स्पर्धांचे विषय ठरविणाऱ्या मंडळींचे काम अलीकडे फार सोपे झाले आहे. पूर्वी ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय असे. मग ‘दूरदर्शन : शाप की वरदान’ आला. आता ‘समाजमाध्यमे : शाप की वरदान’ हा विषय पॅरिशच्या सभागृहापासून महाविद्यालयापर्यंत सर्वत्र फिरतो आहे. मुले दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे बोलतात आणि परीक्षक समारोपात ठरलेला दाखला देतात : सुरीने फळ कापता येते, तसा गळाही कापता येतो, दोष सुरीचा नव्हे, ती धरणाऱ्या हाताचा. टाळ्या पडतात, बक्षिसे वाटली जातात आणि सभा संपते.

ह्या दाखल्याशी आमचे भांडण आहे. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. पण त्यामुळे पुढचा सारा विचारच खुंटतो. साधन निर्दोष आणि माणूस दोषी असे एकदा ठरले, की ते साधन कोणी घडविले, कशासाठी घडविले, एक साधन दुसऱ्याहून वेगळे कसे, हे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. मग फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि एक्स हे सारे एकाच माळेचे मणी ठरतात आणि ‘वापर चांगला करा’ एवढा उपदेश पुरेसा होतो. वस्तुतः ह्या पाचांचे गुण निरनिराळे आहेत, दोषही निरनिराळे आहेत. आणि त्या दोषांपैकी पुष्कळसे वापरणाऱ्याच्या हातातले नसून घडविणाऱ्याच्या आराखड्यातले आहेत. एवढे एकच म्हणणे आम्हांस येथे मांडावयाचे आहे. मात्र ते पुराव्यानिशी मांडावयाचे आहे.

पहिला पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा ह्या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली होती. भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात उदरनिर्वाह. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची आवई त्या भागात मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. त्या वर्षी अशा आवयांनी देशात अनेक ठिकाणी बळी घेतले. मुले पळविली जात असल्याचा पुरावा म्हणून जी एक चित्रफीत तेव्हा हातोहात फिरली, ती मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. शेवटी मूल सुखरूप परत आणून सोडतात आणि पालकांना सावधगिरीचा संदेश देतात, एवढा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

ह्यानंतर काय घडले ते पाहण्याजोगे आहे. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरता एक बदल केला. आलेला निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, दुसरा बदल केला : जो निरोप आधीच अनेक हातांतून फिरून आला आहे, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल. त्यानंतर अशा निरोपांच्या फिरण्यात सुमारे ७० टक्के घट झाली, असे त्या कंपनीनेच जाहीर केले.

आता आम्ही परीक्षक महोदयांना नम्रपणे विचारतो : दोष जर केवळ हाताचा होता, तर कळ बदलताच तो एवढा कमी कसा झाला? एप्रिल २०२० च्या एका आठवड्यात कोट्यवधी माणसांचे हात काही सज्जन झाले नव्हते. माणसे तीच होती, त्यांची भीती तीच होती, भोळेपणाही तोच होता. बदलली होती ती कळ. म्हणजे ती आधी जशी होती, तशी ठेवण्याची जबाबदारीही कोणाची तरी होती. सुरीच्या दाखल्यात ह्या ‘कोणाची तरी’ला जागाच नाही, आणि म्हणूनच तो दाखला कंपन्यांना इतका सोयीचा आहे.

तीन कसोट्या

पाचांची तुलना करावयाची तर मापे एकच हवीत. आम्ही तीन कसोट्या घेतो. पहिली : डोळ्यांपुढे काय यावे हे कोण ठरवितो? मी, मला लिहिणारा माणूस, की मध्ये बसलेले यंत्र? दुसरी : खोट्याला उत्तर देता येते काय, आणि ते उत्तर खोटे ऐकलेल्या माणसापर्यंत पोहोचते काय? तिसरी : आज ठेवलेले उद्या सापडते काय, आणि आपले बिऱ्हाड तेथून हलवावयाचे ठरविले तर आपले सामान बरोबर नेता येते काय?

पहिल्या कसोटीला व्हॉट्सॲप सर्वांत चांगले उतरते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ते मुळात पत्र आहे. ज्याने लिहिले त्याचेच येते आणि ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने येते. घरच्यांच्या निरोपांत यंत्र आपली निवड घुसडीत नाही. २०१६ पासून मजकूर पाठविणारा आणि घेणारा ह्यांच्यावाचून तो कोणास वाचता येऊ नये, अशी कुलूपबंद व्यवस्था त्यात आहे. आखातात किंवा कॅनडात गेलेल्या मुलाशी रोज बोलणे ज्यांना एके काळी परवडत नव्हते, त्या घरांना ह्याचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या आजीला लिहिता येत नाही, ती आवाजी निरोप पाठविते आणि तोही आपल्या बोलीत. ज्या सामवेदी किंवा वाडवळी बोलीला शाळेच्या पुस्तकात कधी स्थान मिळाले नाही, तिला ह्या आवाजी निरोपांत विनासायास मिळाले. हा लहान लाभ नव्हे.

पण दुसऱ्या कसोटीला हेच व्हॉट्सॲप सपशेल नापास होते. पत्र बंद लिफाफ्यात असते, म्हणून ते खाजगी असते. परंतु तोच लिफाफा हजार घरांत फिरू लागला, की त्यातले खोटे बाहेरच्या कोणाला दिसत नाही आणि ज्याला खरे ठाऊक आहे तो तेथे नसतो. पूर्वी गावात निनावी पत्र आले, तर शहाणा माणूस ते फाडून टाकी. कारण ज्याला आपले नाव लिहिण्याचे धैर्य नाही त्याचे ऐकावयाचे नसते, एवढी रीत सर्वांना ठाऊक होती. आज तेच निनावी पत्र ‘आला तसा पाठविला’ एवढी पुस्ती जोडून सुशिक्षित माणसे पुढे धाडतात. लेखक नाही, तारीख नाही, गाव नाही. खाली मात्र आपल्या ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचे नाव दिसते आणि त्या विश्वासाच्या बळावर खोटे घरात शिरते. काकांनी पाठविले आहे, म्हणजे खरे असणार! काकांना कोणी पाठविले, हे कोणी विचारीत नाही.

फेसबुकचे नेमके उलट आहे. ते चव्हाट्यावरचे आहे. म्हणून तेथे खोट्याला चारचौघांत उत्तर देता येते. ४ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुरते ते सुरू झाले आणि २००६ मध्ये तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले. चाळीस वर्षांपूर्वीचे वर्गमित्र शोधून देणे, गावाची जुनी छायाचित्रे एकत्र करणे, रक्तदाते आणि गरजू ह्यांची गाठ घालून देणे, ही कामे त्याने खरोखर केली आहेत. मराठीत दीर्घ गद्य लिहिणारे कितीतरी हात ह्याच ठिकाणी प्रथम लिहिते झाले. ज्यांना कोणत्याही मासिकाने दार उघडले नसते, त्यांना तेथे वाचक मिळाले.

मग बिनसले कोठे? पहिल्या कसोटीला. मित्रांनी लिहिलेले सारे न दाखविता त्यातले निवडक दाखविण्याचे काम यंत्राकडे गेले आणि त्या यंत्राला ‘लोक कशाने पेटून उठतात’ ते ओळखावयास शिकविले गेले. २०२१ मध्ये त्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे फ्रान्सिस हॉगेन ह्या तिच्याच माजी कर्मचारी बाईंनी उघड केली. तेव्हा कळले, की २०१७ पासून काही काळ साध्या पसंतीला एक गुण आणि रागाच्या चेहऱ्याला पाच गुण, असा हिशेब त्या यंत्रात होता. प्रेमाच्या, हसण्याच्या चेहऱ्यालाही पाचच होते, हे खरे. परंतु माणसाला हसविण्यापेक्षा चिडविणे सोपे असते, हे कोणत्याही गावच्या पारावर बसणाऱ्याला ठाऊक आहे. शांतपणे वाचून ‘बरे लिहिले’ म्हणणाऱ्याच्या पाचपट वजन संतापलेल्याला मिळाले, तर त्या सभेत कोण मोठ्याने बोलू लागेल? म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धच्या हिंसेला आपल्या व्यासपीठावरून चिथावणी दिली जाऊ नये ह्यासाठी आपण पुरेसे केले नाही, अशी कबुली खुद्द फेसबुकने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिली. आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत खात्यांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका ह्या राजकीय सल्लागार कंपनीच्या हाती गेल्याचेही त्याच वर्षी बाहेर आले. हे कोणत्या वापरणाऱ्या हाताचे दोष?

आपल्या दाराशी घडलेली एक गोष्टही विसरता कामा नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत असल्याची कळ दाबली. दोघींना अटक झाली. जिने लिहिले तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा त्या प्रकरणात आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कायद्याचा दोष न्यायालयाने दूर केला. आराखड्याचा दोष राहिला. ओटीवर मैत्रिणीशी बोलावे तसे त्या मुली बोलल्या. पण ती ओटी नव्हती, चावडी होती. ओटी आणि चावडी ह्यांतील भिंत ज्याने काढून टाकली, त्याला ह्या प्रकरणात कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

इन्स्टाग्रामचा जन्म ऑक्टोबर २०१० चा. छायाचित्र काढावे, नटवावे आणि दाखवावे, एवढेच त्याचे मूळ काम. घरी केक करणारी, भरतकाम करणारी, शिवणकाम करणारी स्त्री भांडवलावाचून आपला माल तेथे मांडू शकते. छायाचित्रकारांना, चित्रकारांना ते उत्तम दालन आहे. हा त्याचा गुण आम्ही मान्य करतो. परंतु जे दुकानाला योग्य, ते वाढत्या वयाच्या मुलीच्या खोलीला योग्य असेलच असे नाही. २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्याच कागदपत्रांत कंपनीने स्वतः केलेले संशोधन होते. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आधीच न्यूनगंड वाटत होता, त्यांच्यापैकी ३२ टक्के मुलींनी सांगितले, की इन्स्टाग्राममुळे तो अधिक वाढला. त्या अहवालात मुलींच्या बाजूने जाणारे निष्कर्षही होते, असे कंपनीचे म्हणणे आहे. असतील. पण एखाद्या औषधाने तिघींतल्या एकीचे दुखणे बळावते असे औषध करणाऱ्यालाच ठाऊक असते आणि तो ते बाटलीवर छापत नाही, तर आपण त्यास काय म्हटले असते?

यूट्यूबला आम्ही ग्रंथालय म्हणतो आणि ते निंदेने म्हणत नाही. २००५ मध्ये ते सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. तिसऱ्या कसोटीला, म्हणजे ठेवलेले सापडण्याला, पाचांत तेच सर्वांत चांगले उतरते. पंप दुरुस्त करणारा, दहावीचे गणित शिकणारा, कलम बांधणारा, शिवणयंत्राचा धागा का तुटतो हे पाहणारी, असे सारे तेथे आपणहून काही शोधावयास जातात आणि बहुधा मिळवून परत येतात. त्यावर चित्रफिती करणाऱ्याला जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटाही मिळतो. इतरांनी ही रीत फार उशिरा आणि हात आखडून स्वीकारली.

परंतु ग्रंथालयात पुस्तक वाचून मिटल्यावर ग्रंथपाल दुसरे पुस्तक उघडून आपल्या नाकासमोर धरीत नाही. यूट्यूब धरते. लोक तेथे जेवढा वेळ घालवितात, त्यातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ यंत्राने सुचविलेल्या चित्रफितींवर जातो, असे त्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१८ मध्ये सांगितले होते. म्हणजे शोधावयास गेलेला माणूस दहातील सात भाग वेळ न शोधलेले पाहण्यात घालवितो. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूब ह्यांना १७ कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हा जेवताना मुलापुढे यूट्यूब लावून ठेवणाऱ्या माउलीने एवढे लक्षात ठेवावे, की चित्र तिने निवडलेले असते ते फक्त पहिले.

राहिले एक्स. २००६ मध्ये जन्मलेले ट्विटर ते हेच. त्याचा गुण वेग. लोकल खोळंबली, गावात पाणी शिरले, तर त्याची पहिली खबर तेथे मिळे. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१४ ते २०१७ ह्या काळात, धावत्या गाडीतील प्रवाशाने तेथे केलेल्या तक्रारीची दखल घेतली जाई, हे अनेकांच्या स्मरणात असेल. मंत्र्याच्या दारातील शिपायाला ओलांडून सामान्य माणूस थेट बोलू शकला, ही लोकशाहीच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. दोष दोन. एक, आधी १४० आणि नंतर २८० अक्षरांच्या मापात विचार मावत नाही, शेरा मावतो; म्हणून तेथे शेरेबाजांची चलती झाली. दुसरा दोष मालकीचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क ह्यांनी ते ४,४०० कोटी डॉलरना विकत घेतले, निम्म्याहून अधिक नोकरवर्ग कमी केला, ओळख पटल्याची जी निळी खूण पूर्वी पडताळणी करून दिली जाई ती मासिक वर्गणीवर विकावयास काढली आणि जुलै २०२३ मध्ये नावही बदलले. जगाची चावडी म्हणून जी मिरवीत होती, ती एका माणसाचे परसदार आहे, हे त्या एका वर्षात सिद्ध झाले.

एकाच टाकीचे नळ

येथवर आम्ही पाच नावे घेतली. पण मालक पाच नाहीत. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम शंभर कोटी डॉलरना आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप सुमारे एक हजार नऊशे कोटी डॉलरना विकत घेतले. २०२१ पासून ह्या तिघांच्या मालक कंपनीचे नाव मेटा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली, तेव्हा तीन नळांना पाणी पुरविणारी टाकी एकच आहे, हे जगाला दिसले. ‘आम्ही फेसबुक सोडले, आता इन्स्टाग्रामवर आहोत’ असे अभिमानाने सांगणारे तरुण घर बदलीत नाहीत. त्याच मालकाच्या दुसऱ्या खोलीत राहावयास जातात.

व्हॉट्सॲपच्या संस्थापकांना जाहिरात नको होती. त्यांपैकी ब्रायन ॲक्टन २०१७ मध्ये आणि यान कूम २०१८ मध्ये कंपनी सोडून गेले. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या ‘अपडेट्स’ ह्या भागात जाहिराती येऊ लागल्या. वापरणाऱ्यांची माहिती मेटाच्या इतर व्यवसायांना देण्याविषयी २०२१ मध्ये जी अट सर्वांवर लादली गेली, तिच्यासाठी भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ‘मान्य करा, नाहीतर चालते व्हा’ हा त्या अटीचा मथितार्थ होता. ज्याच्याकडे साऱ्या नातेवाइकांचे, संस्थांचे, शाळांचे ग्रुप आहेत, तो चालता कोठे होणार? तिसरी कसोटी ती हीच, आणि तिला जवळजवळ सगळेच नापास होतात.

आठवणींची राखण

ह्या तिसऱ्या कसोटीविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. फेसबुकच्या जन्माआधी काहीच दिवस, जानेवारी २००४ मध्ये, गूगलने ऑर्कुट सुरू केले. ब्राझील आणि भारत ह्या दोन देशांनी ते डोक्यावर घेतले. आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या किती जणांची पहिली मैत्री, पहिले भांडण, पहिली कविता तेथे होती! ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. गूगल प्लस २०११ मध्ये वाजतगाजत आले आणि एप्रिल २०१९ मध्ये सर्वसामान्यांसाठी संपले. कू ह्या भारतीय संकेतस्थळावर मराठीतही लिहिता येई. २०२० मध्ये निघालेले ते स्थळ जुलै २०२४ मध्ये बंद झाले. मायस्पेसची गोष्ट सर्वांत दारुण आहे. २००३ ते २०१५ ह्या बारा वर्षांत लोकांनी तेथे ठेवलेली गाणी यंत्रांची हलवाहलव करताना नष्ट झाली, असे २०१९ मध्ये उघड झाले. ती गाणी पाच कोटींहून अधिक होती. ज्यांनी ती गायिली त्यांपैकी अनेकांजवळ दुसरी प्रत नव्हती.

आता आपण आपल्याकडे पाहू. लग्नातली ओव्यांची आणि जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे, गेलेल्या माणसांची छायाचित्रे, मंडळांचे अहवाल, नाटकांच्या तालमींच्या चित्रफिती हे सारे आपण गेली पंधरा वर्षे कोठे ठेवीत आहोत? फेसबुकच्या एखाद्या पानावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. फोन बदलला, आधीची नोंद जपून ठेवली नसली, की ग्रुपवरचे जाते. पानाचा चालक परदेशी गेला, की पान ओस पडते. स्मरणिका कपाटात पिवळी पडते. पण पन्नास वर्षांनी नातवाच्या हाती लागते. ‘छापता कशाला, ग्रुपवर टाका’ असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे आहे : ग्रुपवर जरूर टाका, पण ते कळविणे झाले, जपणे नव्हे.

बंदी मागणाऱ्यांस

ह्यावर दुसरा पक्ष म्हणेल, एवढे दोष आहेत तर सगळेच बंद करा. त्यांचाही युक्तिवाद आम्हांस पटत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. कारण राष्ट्रीय सुरक्षेचे होते. तरी पुष्कळ पालकांनी आता मुले सुटली म्हणून सुस्कारा टाकला. दहा दिवस पुरे व्हायच्या आत इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले. तीच लांबी, तेच गाणे, तोच अंगठा. नाव बंद झाले, सवय चालू राहिली. म्हणून नावावर नव्हे, आराखड्यावर बोट ठेवले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना ह्यांपैकी बहुतेक स्थळांवर खाते ठेवू देण्यास मनाई करणारा कायदा केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याचे फळ काय ते काळच सांगेल. पण त्यातील एक तत्त्व आम्हांस मोलाचे वाटते : दंड मुलाला नाही, पालकाला नाही, कंपनीला आहे. आपल्याकडे २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. पालकांच्या संघटनांनी ह्या मुदतीकडे आतापासून डोळा ठेवला पाहिजे.

तथापि कायद्याला पालकांचीही साथ हवी. ह्या स्थळांच्या स्वतःच्या नियमांनुसार तेरा वर्षांखालील मुलाला खाते उघडता येत नाही. तरीही चौथी-पाचवीतली मुले तेथे सर्रास दिसतात. त्यांचे जन्मवर्ष खोटे घालून देतो कोण? बहुतेक वेळा घरातलाच वडीलधारा. म्हणजे मुलाचा ह्या जगातला प्रवेशच आईवडिलांच्या देखत बोललेल्या खोट्याने होतो. ह्यात कंपनीच्या आराखड्याला दोष देऊन आम्ही सुटू इच्छीत नाही. सुरीचा दाखला खोटा आहे म्हणून हात निर्दोष ठरत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की चौकशी दोघांची व्हावी.

आमचा कौल

तुलना केली, तर निवाडाही दिला पाहिजे. कुटुंबाच्या नित्य उपयोगासाठी आम्ही व्हॉट्सॲपला पहिले स्थान देतो. मात्र पत्र म्हणून, वर्तमानपत्र म्हणून नव्हे. ज्या निरोपाला लेखक आणि तारीख नाही तो ग्रुपवर राहणार नाही, असा नियम प्रत्येक ग्रुपच्या चालकाने करावा आणि मोठ्या माणसांची भीड न धरता पाळावा. दुसरे स्थान यूट्यूबला, ग्रंथालय म्हणून. आपोआप पुढची चित्रफीत लावणारी कळ बंद करून. तिसरे फेसबुकला, लिहिणाऱ्यांनी तेथे लिहावे, पण प्रत आपल्यापाशी ठेवावी आणि रागाच्या भरात कळ दाबताना आपण कोणाच्या गल्ल्यात नाणे टाकीत आहोत, हे आठवावे. एक्स तक्रारीपुरते आणि खबरेपुरते. इन्स्टाग्राम दुकान म्हणून. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती ते देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे आणि त्याबद्दल जुनाट म्हणून घेण्याची आमची तयारी आहे.

हा क्रम कोणास मान्य होणार नाही. हरकत नाही, आपापल्या घरी तिन्ही कसोट्या लावून दुसरा क्रम लावावा. तो लावताना जी चर्चा होईल, ती आम्हांस हवी आहे. एखाद्या रविवारी दुपारी जेवणानंतर आईवडील, आजी-आजोबा आणि मुले ह्यांनी एकत्र बसून विचारावे : माझ्यापुढे हे कोणी आणून ठेवले? हे खोटे असेल तर मला कोण सांगणार? आणि उद्या हे स्थळ बंद पडले, तर आपल्या घरचे काय काय जाईल? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या घरात मिळतील, त्या घराला शाप की वरदान हे विचारावयास परीक्षकांकडे जावे लागणार नाही.